वाहनपूजन : वैभवाचा अभिमान आणि मनाची टोचणी

आज विजयादशमी. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक पूर्ण मुहूर्त. काल खंडेनवमीला घरोघरी शस्त्रांची आणि अवजारांची पूजा झाली. शेतकऱ्याने नांगर आणि कोयता धुऊन ठेवला, सुताराने रंधा आणि करवत पाटावर मांडली, दुकानदाराने तराजूला गंध लावले, मुलांनी वह्या-पुस्तकांवर झेंडूची फुले वाहिली. आज सकाळपासून दारोदारी वाहने धुतली जात आहेत. सायकल, स्कूटर, रिक्षा, ट्रॅक्टर, मोटार, प्रत्येकीला हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूची माळ, चाकांखाली लिंबे आणि पुढ्यात नारळ. जे आपणांस पोसते त्यापुढे वर्षातून एकदा हात जोडावेत, हा या पूजेमागील साधा आणि सुंदर विचार आहे. शस्त्राने क्षत्रियाचे पोट भरले, लेखणीने कारकुनाचे भरले, रिक्षाने रिक्षावाल्याचे भरते. पूजा उपकाराची आहे.

परंतु अलीकडे काही दारांपुढे असेही एक वाहन उभे असते, की ज्याने कोणाचेही पोट भरत नाही. ठेंगणे, रुंद, जमिनीला जवळजवळ टेकलेले, लाल नाही तर पिवळ्या रंगाचे, बसावयास दोनच जागा, सामान ठेवावयास हातभर पोकळी. परदेशी बनावटीची ही शर्यतीच्या जातीची मोटार ताशी तीनशे किलोमीटरपर्यंत धावू शकते. आणि आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना सपाटीवर वेगाची मर्यादा आहे ताशी शंभर किलोमीटरची. म्हणजे तिच्या अंगच्या सामर्थ्यापैकी दोन तृतीयांश सामर्थ्य कायद्याने कधीच वापरता यावयाचे नाही. गल्लीतल्या गतिरोधकावरून जाताना तिचे पोट घासते. मग ती घ्यावयाची कशासाठी? उत्तर सर्वांस ठाऊक आहे. ती मिरवण्यासाठी घेतली जाते. मिरवणे हा शब्द आम्ही येथे दूषण म्हणून वापरीत नाही. पालखीही मिरवतात, नवरदेवही मिरवतात. मात्र मिरवण्याच्या वस्तूची पूजा करताना हात जोडले जातात ते नेमके कशापुढे, हा प्रश्न ज्यांच्या दारी असे वाहन आहे त्यांच्यापैकी विचारी माणसांच्या मनात येतो, हे आम्ही पाहिले आहे. आणि ज्यांच्या दारी ते नाही, त्यांच्याही दारी लहान प्रमाणात असेच काहीतरी असते.

पुण्याच्या परिसरात आमचे एक स्नेही आहेत. नाव सांगण्याचे कारण नाही. यंत्रांचे सुटे भाग बनविण्याचा त्यांचा कारखाना आहे. वडील एस. टी.चे चालक होते, आता निवृत्त. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली. त्या गाडीचा उल्लेख हे वृद्ध गृहस्थ आपल्या कुळाचा मूळपुरुष असावा अशा आदराने करतात. दसऱ्याला पहाटे उठून आगारात जावयाचे, बस स्वतःच्या हाताने धुवावयाची, पुढच्या काचेवर झेंडूचे तोरण बांधावयाचे, नारळ फोडून पहिला तुकडा वाहकाच्या हातावर ठेवावयाचा, हा त्यांचा नोकरीभरचा क्रम. तिला ते 'माझी गाडी' म्हणत. ती महामंडळाची होती, हे त्यांना ठाऊक होते. तरीही ती त्यांची होती. एस. टी.चे सारेच चालक असे म्हणतात.

या गृहस्थांच्या चिरंजीवांनी काही वर्षांपूर्वी इटालियन बनावटीची एक दोन आसनी मोटार घेतली. लेथवर रात्रपाळी करून ज्याने सुरुवात केली त्याने ती घ्यावी यात वावगे काय, असे आम्ही तेव्हाही म्हटले होते आणि आजही म्हणतो. दसऱ्याच्या दिवशी गाडी दारात आली. आई हळदकुंकवाचे तबक घेऊन बाहेर आल्या. गाडी इतकी ठेंगणी की स्वस्तिक काढावयास त्यांना जवळजवळ बसावेच लागले. आत डोकावून त्यांनी विचारले, "अरे, तू चालवणार. मग मी बसू की तुझे वडील?" चिरंजीव हसले, पण उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. वडिलांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवर हात ठेवला आणि एवढेच विचारले, "ब्रेक कसा आहे हिचा?"

खरी टोचणी पुढच्या वर्षी लागली. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होती. मालक रोज कारखान्यात जात ते जुन्या मोटारीतून. नवी मोटार ते कामगारांच्या दृष्टीस पडू देत नसत. ती कापडी आवरणाखाली घरी असे आणि रविवारी भल्या पहाटे, रस्ते मोकळे असताना, बाहेर निघे. परंतु अशी गोष्ट लपते थोडीच? वीस वर्षांच्या नोकरीचा एक जुना टर्नर पूजेच्या दिवशी हातात झेंडूचा मोठा हार घेऊन पुढे आला. म्हणाला, "साहेब, उद्या नव्या गाडीलाही घाला. आपल्या कारखान्याची गाडी आहे." हार त्याने स्वतःच्या पैशाने आणला होता. त्याच वर्षी मंदीचे कारण सांगून पगारवाढीची बोलणी मालकांनी पुढच्या सहामाहीवर ढकलली होती.

आमचे स्नेही आम्हांस म्हणाले, त्याने टोमणा मारला असता तर बरे झाले असते. टोमण्याला उत्तर देता येते. तो मनापासून बोलला. त्याला त्या गाडीचा अभिमान वाटत होता आणि त्या अभिमानात त्याने मला वाटेकरी करून घेतले होते. मी मात्र त्याला गाडी दाखवीतही नव्हतो.

या प्रसंगावर आम्ही पुष्कळ विचार केला. सामान्यतः आपण समजतो की अभिमान हा दोष आणि टोचणी हा त्यावरचा उपाय. पण येथे दोन्ही एकाच खोलीत, एकाच आवरणाखाली राहात होती. लपवून ठेवलेल्या गाडीचा अभिमान कमी झाला नव्हता. तो फक्त एकट्याचा झाला होता. आणि टोचणीने कोणाचेही एका पैशाचे भले झाले नव्हते. वाढीची बोलणी जेथे होती तेथेच होती.

आपल्या पुराणांनी वाहनांविषयी किती बारकाईने लिहिले आहे, हे अशा वेळी लक्षात येते. देवांची वाहने आपण कौतुकाने सांगतो. गणपतीचा उंदीर, शंकराचा नंदी, कार्तिकेयाचा मोर. पण माणसांच्या आणि राजांच्या वाहनांच्या कथा अधिक बोचऱ्या आहेत. नहुषाचीच घ्या. इंद्रपद रिकामे झाले म्हणून देवांनी या पृथ्वीवरच्या राजाला त्या आसनावर बसविले. तो चांगला राजा होता, हे विसरता कामा नये. पद चढले तसे वाहनही चढले. पालखी हवी, तीही ऋषींनी खांद्यावर वाहिलेली. कीर्तनकार ही कथा रंगवून सांगतात. ऋषी चालण्यात मंद, राजाला शचीच्या महालाकडे जाण्याची घाई. 'सर्प, सर्प', म्हणजे चला, लवकर चला, असे म्हणत त्याने अगस्त्यांना लाथ मारली आणि स्वतःच सर्प होऊन खाली पडला. या कथेत पालखीला दोष नाही. वेग हवासा वाटला आणि तो कोणाच्या खांद्यावरून येतो आहे हे दिसेनासे झाले, तेथे अनर्थ आहे.

धर्मराजाचा रथ तर जमिनीपासून चार बोटे वरून चाले, असे महाभारत सांगते. द्रोणपर्वात अश्वत्थाम्याविषयीचे अर्धसत्य त्याच्या तोंडून निघाले आणि रथाची चाके भुईला टेकली. गंमत अशी की आजच्या या शर्यती मोटारीही जमिनीपासून वीतभर उंच नसतात. पण त्या कोणत्या सत्याच्या बळावर, हे विचारू नये! युद्ध संपल्यावर अर्जुनाच्या रथाचे काय झाले ते शल्यपर्वात आहे. श्रीकृष्णाने नेहमीचा क्रम मोडून अर्जुनाला आधी उतरावयास सांगितले, मग आपण उतरले, आणि ध्वजावरचा कपी अदृश्य होताच रथ जळून भस्म झाला. द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनी तो आधीच जळालेला होता; सारथी बसला होता म्हणून उभा होता. ज्या रथाच्या बळावर आपण जिंकलो असे अर्जुनाला वाटत असेल, तो रथ कित्येक दिवस राखच होता.

आणि पुष्पक. आजच्या दिवशी त्याची आठवण होणे क्रमप्राप्तच आहे. ते विश्वकर्म्याने घडविले, ब्रह्मदेवाकडून कुबेराला मिळाले, आणि रावणाने आपल्याच सावत्र भावाकडून ते बळाने हिरावून आणले. लंकेच्या वैभवात त्याच्याइतके मिरवण्याजोगे दुसरे काही नव्हते. रावणवधानंतर ते श्रीरामांच्या हाती आले. विजेत्याची लूट म्हणून ते ठेवून घेतले असते तर कोणीही बोट दाखविले नसते. वनवासाची मुदत संपत आली होती, भरताने प्राणांतिक प्रतिज्ञा केली होती, वेळेवर पोहोचणे भाग होते. श्रीराम त्यात बसले, सीतामाईंना वाटेतली स्थळे दाखवीत आले, बरोबर बिभीषण, सुग्रीव आणि वानरसेना सारे बसले. ते विमान दोन आसनी नव्हते, हे येथे सांगावेसे वाटते. नंदिग्रामास पोहोचताच त्यांनी त्याला कुबेराकडे परत पाठविले. पुढे उत्तरकांडात कुबेराच्याच संमतीने ते पुन्हा श्रीरामांच्या सेवेस येते. एकच विमान, रावणाजवळ होते तेव्हा ते त्याच्या मदाचे चिन्ह होते, आणि श्रीरामांजवळ कामाचे वाहन.

ही मोटार ज्या देशातून येते तेथेही अभिमान आणि टोचणी यांची जोडी जुनी आहे. फेरारी मोटारीवरचा उसळता घोडा मूळचा एका वैमानिकाचा. फ्रान्चेस्को बाराका हा पहिल्या महायुद्धातील इटलीचा नामांकित योद्धा १९१८ साली मरण पावला. त्याच्या विमानावर तो घोडा रंगविलेला असे. एन्झो फेरारी यांनी सांगितलेली हकीकत अशी, की १९२३ साली राव्हेन्नाजवळ शर्यत जिंकल्यावर त्या मृत पुत्राच्या मातेने, हा घोडा तुमच्या मोटारीवर लावा, तो तुम्हांस यश देईल, असे त्यांना सुचविले. म्हणजे जगातील श्रीमंत ज्या चिन्हासाठी कोट्यवधी मोजतात ते एका पुत्रहीन आईचा आशीर्वाद आहे. पुढे १२ मे १९५७ रोजी मिल्ले मिलिया या रस्त्यावरच्या शर्यतीत फेरारीची एक गाडी टायर फुटून गर्दीत शिरली. चालक दे पोर्तागो, त्याचा सोबती आणि नऊ प्रेक्षक ठार झाले. त्या नवांत पाच मुले होती. एन्झो फेरारी यांच्यावर मनुष्यवधाचा खटला चालला आणि १९६१ साली त्यांतून ते सुटले. न्यायालयातून सुटले, एवढेच आपण म्हणू शकतो. मुलांना गिळणाऱ्या रोमन देव सॅटर्नची उपमा व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने त्यांस दिली होती. त्यांचा स्वतःचा मुलगा दिनो १९५६ सालीच ऐन तारुण्यात आजाराने गेला होता.

एस. टी.तून निवृत्त झालेल्या त्या वृद्धाने ब्रेकविषयी का विचारले, हे आम्हांस या हकीकतीनंतर अधिक समजले.

त्याच इटलीतील दुसरा प्रसंग. नोव्हेंबर २०१७ मध्ये लाम्बोर्गिनी कंपनीने पोप फ्रान्सिस यांना पांढऱ्या रंगाची, पिवळे पट्टे ओढलेली एक हुराकान मोटार भेट दिली. धर्मगुरूंनी आणि जोगिणींनी नवनव्या मोटारींतून फिरावे याचे आपणांस दुःख होते, असे हेच पोप २०१३ साली बोलले होते. त्यांनी भेट नाकारली नाही. मोटारीला आशीर्वाद दिला, तिच्यावर सही केली आणि ती लिलावात पाठविली. मे २०१८ मध्ये तिला सात लाख पंधरा हजार युरो आले. ती रक्कम धर्मकार्यासाठी होती. इराकमधील उद्ध्वस्त निनवे भागातील घरे उभारणे हे त्यांतील एक काम. पोप फ्रान्सिस २०२५ साली निवर्तले. धर्म वेगळा, रीत वेगळी. पण पुष्पक परत पाठविणाऱ्याच्या देशातील माणसास हा प्रसंग परका वाटू नये. आपल्याकडे तुकोबांची कथा आहेच. शिवछत्रपतींनी पाठविलेले घोडा, छत्री आणि दिवट्यांचे मानपान त्यांनी परत केले, असे परंपरा सांगते. पण तुकोबांचा दाखला प्रपंचातल्या माणसाने स्वतःस लगेच लावू नये. आपण संत नाही, हे सांगण्यासाठी तो फार सोयीचा पडतो.

प्रपंचातल्या, नव्हे राजघराण्यातल्या एका जोडीकडे पाहू. चौंडीसारख्या खेड्यात १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्यकारभार पाहात होत्या. त्यांचे महेश्वरचे राहते घर आजही पाहता येते. राजवाडा म्हणावा असे त्यांत काही नाही. वाडा आहे, ओसरी आहे, देवघर आहे. काशीविश्वेश्वराचे मंदिर, ठिकठिकाणचे घाट, धर्मशाळा, विहिरी ही कामे त्यांनी खासगीच्या उत्पन्नातून केली. दौलतीच्या खजिन्यातून नाही. त्यांच्याच गादीवर १९२६ साली आलेले यशवंतराव होळकर दुसरे यांना मोटारींचा नाद होता. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीचा सांगाडा घेऊन लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून त्यांनी १९३५-३६ च्या सुमारास केशरी आणि काळ्या रंगाची एक लांबलचक मोटार बांधून घेतली. बसावयास जागा दोघांची. मोटार सुंदर आहे, यात शंका नाही. जगातील जाणकार आजही तिचे नाव काढतात. परंतु १९४८ साली इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि ती मोटार पुढे परदेशी संग्राहकांकडे गेली. मणिकर्णिकेवर आजही माणसे अहिल्याबाईंच्या पायऱ्या उतरतात.

ही तुलना यशवंतरावांस थोडी अन्यायाची आहे, हे आम्ही मान्य करतो. देवीशी तुलना झाल्यावर कोण टिकेल?

आपल्या काळातील उदाहरण सर्वांस पाठ आहे. २००२ साली सचिन तेंडुलकर यांनी त्रिनिदादला एकोणतिसावे कसोटी शतक काढून ब्रॅडमन यांची बरोबरी केली आणि फियाट कंपनीने त्यांना फेरारी ३६० मोडेना भेट दिली. मायकेल शूमाकर यांच्या हस्ते किल्ली मिळाली. घराघरांत आनंद झाला. पुढच्याच वर्षी गाडीवरचा एक कोटीहून अधिक रुपयांचा आयातकर सरकारने माफ केल्याचे कळले आणि तोच आनंद कुरकुरीत बदलला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अखेर कर फियाट कंपनीने भरला. २०११ साली ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. लोकांना गाडीचा राग आला नव्हता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्याच्या शतकासाठी त्यांनी देव पाण्यात ठेवले त्याने अशा गाडीत बसावे, ही तर त्यांचीच इच्छा होती. त्या कराचा भार आपल्या खांद्यावर का, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुन्हा नहुषाची पालखी आली!

आमच्या स्नेह्यांनी काय केले, हे वाचक विचारतील. त्या दसऱ्याला त्यांनी हार घातला, पण गाडी कारखान्याच्या आवारात नेऊन आणि त्याच टर्नरच्या हाताने. मग इच्छा असेल त्या प्रत्येकाला शेजारी बसवून आवारातल्या आवारात एक एक फेरी मारली. दिवस त्यातच गेला. पगारवाढीची बोलणी दिवाळीपूर्वी पुरी झाली. गाडी त्यांनी विकली नाही. विकून ते पैसे दान करावेत, असे त्यांच्या मनात होते. परंतु भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायातील आसुरी संपत्तीचे वर्णन त्यांच्या वाचनात आले. मी एवढे मिळविले, आणखी एवढे मिळवीन, माझ्यासारखा दुसरा कोण, असे म्हणणारा तो मनुष्य तेथे आणखीही एक म्हणतो. मी यज्ञ करीन, मी दान देईन. दानही त्याच यादीत बसलेले पाहून आमचे स्नेही थबकले. आम्हांस त्यांचे थबकणे पटले. काहींना पटणार नाही. ईशावास्याच्या पहिल्याच मंत्रात भोगाला बंदी नाही. त्यागपूर्वक भोगावे आणि दुसऱ्याच्या धनाची हाव धरू नये, असे सांगितले आहे. वाढ थकविलेली असताना ती गाडी परधन होते की नाही, याचा निवाडा ज्याने त्याने करावा.

आता सायंकाळी शमीपूजन आणि सीमोल्लंघन होईल, मग आपट्याची पाने वाटली जातील. त्या पानांमागची रघुराजाची कथा आपण मुलांना सांगतोच, पण तिच्यात एक रथ आहे हे बहुधा सांगावयाचे राहते. वरतंतू ऋषींच्या कौत्स नावाच्या शिष्यास गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या. तो रघूकडे आला तेव्हा राजाने विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन टाकले होते. पाहुण्याला अर्घ्य द्यावयास मातीचे भांडे तेवढे उरले होते. याचकाला रिकाम्या हाताने पाठविणे रघुकुळात बसत नव्हते. राजाने कौत्सास दोन-तीन दिवस थांबावयास सांगितले, कुबेरावर चाल करण्याचे ठरविले आणि सकाळी वेळ जाऊ नये म्हणून त्या रात्री तो रथातच शस्त्रांसह निजला. त्याचे जे एकमेव वैभव शिल्लक होते, ते दुसऱ्याच्या कामासाठी जुंपून तयार होते. पहाटे कोठारात सोन्याचा पाऊस पडल्याची वर्दी आली. रथ जागचा हलला नाही.

मग राजा म्हणे, सारे घेऊन जा. कौत्स म्हणे, चौदा कोटींवर एक मुद्राही नको. दोघेही हटेनात. लोककथा सांगते की कौत्साने मोजून घेतल्यावर उरलेले सोने झाडाखाली पडून राहिले, ना राजाचे ना शिष्याचे. ते अयोध्येच्या लोकांनी लुटून घरी नेले. आपट्याच्या पानांना 'सोने' आणि ती घेण्याला 'सोने लुटणे' म्हणतात ते यावरून.